पावाचें छायाचित्र : उजेड आणि इमान

ज्या साधनानें केवळ आवाज आपल्या घरीं पोंचतो, त्या साधनावरून चित्राविषयीं बोलावयाचें, हा उद्योग थोडासा विपरीतच खरा. त्यांतून मी कांहीं धंद्यानें छायाचित्रकार नव्हे. जुन्या अभ्यासक्रमाची मॅट्रिक होऊन मीं आयुष्यभर आंबेगांव तालुक्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलें शिकविलीं आणि आतां जुन्नरास निवृत्तीचे दिवस घालवीत आहें. शाळेच्या स्नेहसंमेलनाचीं आणि सहलीचीं छायाचित्रें काढण्याचें काम मात्र नेहमीं माझ्याकडे असे. त्या काळीं कॅमेऱ्यांत रीळ घालावें लागे आणि एका रिळांत छत्तीस चित्रें निघत. सदतिसावें चित्र म्हणजे नवें रीळ, आणि नवें रीळ म्हणजे मुख्याध्यापकांची सही! त्यामुळें कळ दाबण्यापूर्वीं दोनदां विचार करण्याची जी संवय लागली, तिच्याच भांडवलावर आज मी आपल्यापुढें एक लहानसा विषय मांडणार आहें. गांवच्या लहानशा बेकरीनें आपल्या पदार्थांचीं व पेयांचीं छायाचित्रें कशीं काढावीं, हा तो विषय.

विषय क्षुल्लक वाटेल. मलाहि तो तसाच वाटला असता. परंतु गेल्या हिंवाळ्यांतील एका प्रसंगानें माझें मत पालटलें.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची जुन्नरांत बेकरी आहे. एक भट्टी, दोन कामगार आणि अरुंद गल्लीवर उघडणारें दुकान, एवढाच तिचा विस्तार. पाव, खारी, टोस्ट, बटर आणि नानकटाई हा आजोबांच्या वेळेपासूनचा माल. केक, पॅटीस, आणि बांकावर बसून प्यावयाचा चहा, सरबत व लस्सी ही पुढील पिढ्यांची भर. विद्यार्थ्याच्या मुलानें मोबाइलवर मालाची सचित्र यादी तयार केली. गिऱ्हाइकानें चित्र पाहावें, मागणी नोंदवावी, अशी सोय झाली. त्यांतील पावाचीं व खारीचीं चित्रें त्यानें रात्रीं दुकान आवरतांना ट्यूबलाइटखालीं काढलेलीं होतीं; तीं इतकीं मळकट दिसत कीं, पाव राखेंत लोळवून आणला असावा असें वाटे. केकचीं चित्रें मात्र झळझळीत होतीं. कारण तीं त्याचीं नव्हतींच. कोठल्या तरी दूरच्या शहरांतील केकचीं चित्रें त्यानें इंटरनेटवरून उचलून घातलीं होतीं.

ओतूरकडील एका आजीबाईंनीं नातवाच्या पहिल्या वाढदिवसासाठीं त्यांतील एक केक पसंत केला. चित्रांत तीन मजले आणि साखरेचीं फुलें होतीं. घरीं गेला तो एकमजली, साधा, पण ताजा केक. पाहुण्यांसमक्ष खोकें उघडलें गेलें. केक गोड होता. परंतु आजीबाईंचें तोंड कडू झालें. दुसऱ्या दिवशीं त्या स्वतः दुकानीं आल्या आणि माझ्या विद्यार्थ्यास म्हणाल्या, "लेका, तुझ्या आजोबांचा पाव आम्ही डोळे मिटून घेत होतों. यंदा डोळे उघडून घेतला, आणि फसलों." पैसे परत घेण्यास त्यांनीं नकार दिला. तो नकारच त्याला अधिक लागला. संध्याकाळीं तो मुलास घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, मालांत खोट नाहीं, मग तोंड खालीं घालण्याची पाळी कां आली?"

मीं त्याला जें उत्तर दिलें, तेंच आपणांस सांगतों. त्याच्या यादींत दोन प्रकारचें असत्य होतें. स्वतः काढलेलीं चित्रें मालाहून वाईट होतीं, आणि उसनीं चित्रें मालाहून चांगलीं होतीं. पहिलें असत्य अज्ञानाचें व दुसरें लोभाचें. परंतु दोहोंचें मूळ एकच. आपला पाव आहे तसा सुंदर दाखवितां येत नाहीं, म्हणून माणूस दुसऱ्याचा केक उसना आणतो. उजेडाचें ज्ञान झालें म्हणजे उसनवारीची गरज उरत नाहीं.

खाण्याच्या वस्तूंचें छायाचित्र काढणें ही आजकालची टूम आहे असें कोणी समजूं नये. छायाचित्रणाची कला १८३९ सालीं जगापुढें आली, आणि इंग्लंडांतील टॅलबट यानें १८४४ ते १८४६ या काळांत जें सचित्र पुस्तक भागशः प्रसिद्ध केलें, त्यांत फळांच्या टोपल्यांचें एक चित्र आहेच. आपल्याकडे मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. पुढें फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनीं १९०७ सालीं रंगीत चित्रांच्या ज्या कांचा बाजारांत आणल्या, त्यांवर रंग पकडण्यासाठीं कशाचा थर होता म्हणाल? बटाट्याच्या पिष्ठाच्या अतिसूक्ष्म रंगविलेल्या कणांचा! आमच्या आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठाराचा शेतकरी बटाट्याला केवळ भाजीचा व पॅटीसचा धनी समजतो. पण जगाला पहिल्यानें सोयीचें रंगीत छायाचित्र दिलें तें या बटाट्यानेंच.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. आपला डोळा आणि कॅमेरा यांत एक मोठा भेद आहे. ट्यूबच्या उजेडांत पाव पाहिला तरी आपलें मन म्हणतें, "हा तांबूसच आहे," कारण पावाचा रंग त्याला आधींच ठाऊक असतो. कॅमेऱ्यास असें पूर्वज्ञान नसतें. उजेडाचा रंग केल्विन या मापानें मोजतात. मेणबत्तीचा उजेड सुमारें १९०० केल्विन, पिंवळ्या बल्बचा सुमारें २७००, दुपारच्या उन्हाचा सुमारें ५५००, आणि निळ्या आकाशाखालच्या सांवलीचा ७००० च्याहि वर जातो. आंकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर. फोनमधील कॅमेरा हा तोल आपला आपण सांवरूं पाहतो; पण खिडकींतून निळसर उजेड, माथ्यावर ट्यूब आणि काउंटरवर पिंवळा बल्ब असे तीन धनी एकाच वेळीं आले, म्हणजे त्याचाहि नाइलाज होतो. म्हणून पहिला नियम हा कीं, चित्र काढतांना दुकानांतील सर्व दिवे मालवावे आणि एकाच प्रकारच्या उजेडावर काम करावें.

बेकरीच्या मालाला हा नियम विशेष लागू आहे, कारण तेथील सारी शोभा तांबूस रंगाची. भट्टींत पावाचा पृष्ठभाग कोरडा होऊन तापला म्हणजे पिठांतील प्रथिनांचे घटक आणि साखर यांच्या संयोगानें तो रंग व तो खमंग वास निर्माण होतो. लुई मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९१२ सालीं ही क्रिया वर्णिली. भट्टीनें रात्रभर जागून जो रंग मिळविला, तो निळ्या दिव्याखालीं घालविणें म्हणजे कामगाराची मेहनत पाण्यांत टाकणें होय.

दुसरा नियम उजेडाच्या दिशेचा. तो समजण्यासाठीं लेण्याद्रीला जावें. तेथील लेणीं दक्षिणेकडे तोंड करून आहेत. चैत्यगृहांत उभें राहून पाहिलें असतां दिसतें कीं, समोरून उजेड पडलेला दगड सपाट वाटतो. पण ज्या खांबावर उजेड बाजूनें घसरत जातो, त्याची प्रत्येक कड आणि प्रत्येक टांकी उठून दिसते. पावाचेंहि तसेंच आहे. खारीचे पदर, नानकटाईच्या माथ्यावरील भेगा, टोस्टाचीं छिद्रें हीं बाजूच्या उजेडांतच दिसतात. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश समोरून पडतो, सांवली पुसून टाकतो आणि तुपाच्या अंशावर पांढरे ठिपके उमटवितो. तो बंदच ठेवावा.

हा बाजूचा उजेड खिडकीशीं मिळतो, आणि खिडकी शक्यतों उत्तरेची असावी. कारण भूगोलांत आहे. जुन्नर सुमारें १९ अंश १२ कला उत्तर अक्षांशावर वसलें आहे. हिंवाळ्यांत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळें उत्तरेच्या खिडकींतून ऊन न येतां केवळ शांत प्रकाश येतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मात्र सूर्य माध्यान्हीं डोक्याच्या किंचित उत्तरेस जातो, आणि सकाळीं व संध्याकाळीं त्या खिडकींत तिरपें ऊन येतें. तोंवर मृग लागून आकाश भरलें, कीं पुन्हां काळजी नको. ढगाळ आकाश हें ऊन गाळणारें सर्वांत मोठें फडकें आहे. उत्तरेची खिडकी नसेल तर दाराच्या आंत, ऊन संपून सांवली सुरू होते तेथें मेज मांडावें.

ऊन प्रखर असेल तर काय करावें? त्याचें साहित्य बेकरींतच असतें. केकखालीं घालावयाचा बटरपेपर खिडकीस टांचला कीं कडक ऊन दुधासारखें मऊ होतें. केकच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा पदार्थाच्या दुसऱ्या बाजूस, उजेडाच्या समोर उभा केला कीं उजेड त्यावर आदळून परत येतो आणि काळोखी बाजू उजळते. पुठ्ठा जवळ नेला कीं सांवली फिकी होते, दूर नेला कीं गडद. सांवली अगदीं घालवूं मात्र नये. सांवलीवांचून पावाला गोलाई नाहीं. शहरांत हींच कामें करणारीं महागडीं उपकरणें विकत मिळतात. आमचें काम एका खोक्यांत आणि हातभर कागदांत भागलें.

तिसरा नियम उजळपणाच्या मापाचा. कॅमेरा समोरचें सारें जग मध्यम करड्या रंगाचें आहे असें गृहीत धरून चालतो. म्हणून पांढऱ्या क्रीमचा केक समोर ठेवला तर तो त्याला अति उजळ समजून काळवंडवितो, आणि चॉकलेटचा काळा केक ठेवला तर त्याला अति काळा समजून फिकट करतो. फोनच्या पडद्यावर पदार्थास बोट लावलें म्हणजे सूर्याचें लहानसें चिन्ह येतें. बहुतेक फोनांत तें वरखालीं सरकवितां येतें. पांढऱ्या पदार्थास तें किंचित वर न्यावें, काळ्यास किंचित खालीं आणावें. या एका युक्तीनें क्रीमरोल आणि लस्सी यांचा उद्धार होतो.

चौथी गोष्ट जागेची व कोनाची. ताटलींत पसरलेली बिस्किटें अगदीं वरून घ्यावीं. केक व पेला यांचें सौंदर्य उंचींत असतें, म्हणून त्यांच्यापुढें बसून समपातळीवरून घ्यावें. इतर बहुतेक माल जेवायला बसलेला माणूस पाहतो तशा तिरप्या नजरेनें घ्यावा. फोन पदार्थाच्या नाकाशीं नेऊं नये. फार जवळून जवळची बाजू फुगते आणि मागची आंखडते. दोन पावलें मागें सरून चित्र मोठें करावें. आणि सर्वांआधीं फोनची कांच पुसावी! बेकरीवाल्याच्या हाताला तूप व मैदा असतोच. माझ्या विद्यार्थ्याच्या चित्रांवरील अर्धें धुकें कांचेवरच्या डालड्याचें होतें.

लादी पावाविषयीं दोन शब्द अधिक. हे पाव एकमेकांस चिकटून भाजले जातात. त्यामुळें त्यांचा माथा तेवढा तांबूस होतो आणि कुशी पांढऱ्या व मऊ राहतात. अखंड लादीचें चित्र ठीकच. पण एक पाव हातानें तोडून त्याची लुसलुशीत बाजू उजेडाकडे केली, म्हणजे चित्र पाहणाराच्या बोटांना तो मऊपणा कळतो. खारीहि एक मोडून ठेवावी. मोडलेला पदार्थ आपलें अंतरंग सांगतो. शिळ्या वर्तमानपत्रावर मात्र माल मांडूं नये. छपाईच्या शाईचा अंश अन्नांत उतरतो, म्हणून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०१६ सालींच त्याविरुद्ध इशारा दिला आहे. आणि जें खाण्यास योग्य नव्हे, तें चित्रांत तरी कां असावें?

पेयांची रीत थोडी निराळी. सरबताचा पेला खिडकीच्या व कॅमेऱ्याच्या मध्यें ठेवावा, म्हणजे उजेड मागून शिरतो आणि सरबत पेटल्यासारखें उजळतें. मागें पेल्याहून किंचित लहान पांढरा पुठ्ठा लपवून उभा केला तर रंग आणखी खुलतो. स्टीलच्या पेल्यांत मात्र सारें दुकान आणि चित्र काढणाराचें नाक दिसतें. चित्रासाठीं कांचेचा पेला बरा. चहाची वाफ म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब. मागून उजेड आणि त्यापलीकडे काळोख असला तरच ते दिसतात. हिंवाळ्यांतील सकाळ त्यास उत्तम. चहावर थोड्याच वेळांत साय धरते, म्हणून आधीं रिकामा कप ठेवून सर्व जुळणी करावी आणि चहा अगदीं शेवटीं ओतावा. थंड पेल्यावर पावसाळ्यांतील दमट हवेंत आपोआप दंव धरतें. एप्रिलच्या कोरड्या हवेंत तें फारसें धरत नाहीं. कित्येक जण अशा वेळीं ग्लिसरीन मिसळलेलें पाणी बाहेरून शिंपडतात. आम्हीं तें केलें नाहीं. त्याचें कारण आतां सांगतों.

चित्र काढतांना मांडणी करावी, पण माल बदलूं नये, ही आम्हीं ठरविलेली मर्यादा होती. ताटलीचा कांठ पुसणें, चुरा झाडणें, चांगला भाजलेला पाव निवडणें, उजेडाकडे त्याचें तोंड करणें, हें सर्व योग्य आहे. लग्नाला मुलगी जशी वेणी घालून बसते, तसें तें आहे. परंतु न विकल्या जाणाऱ्या फुलांनीं केक सजविणें, किंवा फोनमध्यें रंग ओढून पाव भगवा करणें, हें गिऱ्हाइकास चुकीचें वचन देणें होय. यांत कायदाहि आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें छायाचित्र ही कलाकृति असून दुसऱ्याचें चित्र विनापरवाना वापरतां येत नाहीं. आणि मालाचें खोटें वर्णन करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणारी ठरते. तथापि कायद्याच्या आधीं आजीबाई आहेत. कायदा फार तर दंड करील. त्यांनीं पाठ फिरविली तर तीन पिढ्यांची ओळख जाईल.

आकारासंबंधीं आम्हीं आणखी एक युक्ति केली. चित्रांत केकची उंची व रुंदी कळत नाहीं. म्हणून प्रत्येक केकशेजारीं नेहमींचा चहाचा चमचा ठेवला आणि खालीं वजन लिहिलें. अर्धा किलोचा केक अर्ध्या किलोचाच दिसला.

खऱ्या चित्रानें धंदा बुडतो असा जो समज आहे, त्याला आपल्याच मुलखांतून उत्तर आहे. दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र' काढण्यासाठीं भांडवल हवें होतें. त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, तो उगवून वाढत असतां रोज थोडें थोडें चित्रण केलें, आणि तो चिमुकला चित्रपट लोकांस दाखविला. भांडवल मिळण्यास त्याचें साहाय्य झालें, आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. राजवाडा नाहीं, अप्सरा नाहीं. एक वाटाण्याचा वेल, पण तो खरा, म्हणून विश्वास बसला.

पुढील रविवारीं सकाळीं आम्हीं तिघे दुकानाच्या मागच्या खिडकीशीं बसलों. मीं मुलास अट घातली, "बाळ, तुझ्या फोनांत हजारों चित्रें मावत असतील, आज तुला छत्तीसच मिळतील." पहिलीं पांच-सहा त्यानें सवयीनें भरभर उडविलीं. मग तो थांबूं लागला. पुठ्ठा पुढें-मागें करून पाहूं लागला, दिवा मालवूं लागला, पाव फिरवून त्याची बरी बाजू शोधूं लागला. अखेर तो बापास म्हणाला, "बाबा, हा पाव इतका सुंदर आहे, हें मला ठाऊकच नव्हतें." रोज पहांटे भट्टीपुढें उभा राहणारा बाप कांहीं बोलला नाहीं, फडक्यानें उगीच मेज पुसत राहिला. छत्तिसांतून अकरा चित्रें ठेवलीं. उसनीं सर्व काढून टाकलीं.

चैत्रांत आजीबाई बाजाराला आल्या असतां दुकानासमोर थांबल्या. मुलानें त्यांना फोनमधील नवें चित्र दाखविलें. साधा केक, शेजारीं चमचा, खालीं वजन. त्यांनीं फोन लांब धरून बराच वेळ निरखिला आणि विचारलें, "हा आपलाच ना रे?"

"आपलाच, आजी."

"मग दे," त्या म्हणाल्या, "आणि चार पावहि बांध."

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणाची बेकरी असेल, खाणावळ असेल किंवा घरगुती लाडू-चिवड्याचा धंदा असेल. उद्यां सकाळीं दिवे मालवा, खिडकीशीं मेज ओढा, कांच पुसा आणि आपल्या वस्तूकडे प्रथम स्वतः नीट पाहा. छायाचित्राचा अर्धा अभ्यास तेथेंच होतो.